ऋग्वेदची रिबीन

टॅग रग्बीत समोरच्याच्या अंगाला हात लावायचा नसतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी लटकतात, त्यातली एक ओढून काढली की त्याची धाव थांबली; नाहीतर चेंडू घेऊन तो रेषेपलीकडे गेला की गुण. मी बीडकडचा, कबड्डीत वाढलेला, त्यामुळे हा खेळ मला अगदीच मिळमिळीत वाटला होता. पण नोएडातल्या एका नव्या शाळेने दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीला सामन्याचं बोलावणं धाडलं आणि यूपीएससीची तयारी करणारा म्हणजे रिकामटेकडा, असं ठरवून मला प्रशिक्षक केलं गेलं.

लहान पोरांना बचाव शिकवणं म्हणजे डोकेदुखी. सगळी घोळका करून चेंडूमागे धावतात. एकटी अक्षया, आठ वर्षांची, शिकवलं तशी गुडघे वाकवून, समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून थांबायची आणि नेमकी रिबीन उपटायची. तिच्या हातून सुटायचा तो फक्त ऋग्वेद. चांगला गोलमटोल, सावकाश पळणारा पोरगा, पण हिचा हात रिबिनीपर्यंत जायचा आणि मागे यायचा.

"अगं, झोपलीस का?" मी एकदा खेकसलोच. ती पट्टा सारखा करत परत जागेवर गेली.

त्या संध्याकाळी तिचे वडील गुणवंतराव माझ्या खोलीवर आले. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते सहायक, आणि ऋग्वेदचे वडील तिथेच त्यांचे साहेब.

"सर, तिला ओरडू नका. मीच सांगितलंय तिला," ते म्हणाले. "साहेब बाल्कनीतून बघतात. यंदा माझं प्रमोशन आहे, रिपोर्ट त्यांनीच लिहायचाय."

"ते काही बोलले का तुम्हाला?"

"छे हो, एक शब्द नाही. पण रिस्क कशाला घ्यायची?"

माझं डोकं फिरलं. पण रागवायचं कोणावर, तेच कळेना. मी ज्या परीक्षेसाठी जीव काढत होतो ती पास झालो, तर मीही असाच कोणाचा तरी साहेब होणार होतो.

तरी साहेबांशी बोलायचंच असं ठरवलं. रविवारच्या सरावाला ते स्वतःच मैदानावर आले, आणि गुणवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणाले, "मुलगी छान खेळते हो तुमची. आमच्या ऋग्वेदला मात्र कोणी पकडू शकत नाही."

"बिल्कुल, सर," गुणवंतराव म्हणाले. मी पोरांना पट्टे बांधायला लागलो. ठरवलेलं सगळं राहिलं बाजूला.

खेळ सुरू झाला. साहेबांना फोन आला, ते बोलत बोलत फाटकाबाहेर गेले. ऋग्वेद चेंडू घेऊन आला आणि अक्षयासमोर चक्क थांबला. कंबर तिच्याकडे वळवून म्हणाला, "रिबीन निकाल ना, अक्षया. पप्पा बाहेर गेलेत. एकदा तरी खरं खेळ ना, यार." पोरगा रडवेला झाला होता.

काढ गं पोरी, मी मनात म्हटलं.

अक्षयाने गुडघे वाकवले, हात पुढे केला. मग वडिलांकडे पाहिलं. गुणवंतराव बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

तिने हात मागे घेतला.

"पप्पांचं प्रमोशन झालं की काढते," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

ऋग्वेद चेंडू पोटाशी धरून, न पळता, चालतच रेषेपलीकडे गेला. मी शिट्टी वाजवली आणि त्याला गुण दिला.