उतारावरचे पाऊल

अल्सेनी बारीची सकाळ साडेपाचला सुरू होत असे. जाग आल्यावर तो लगेच उठत नसे. अंथरुणातच उजवा पाय सरळ करायचा, गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, पाचपर्यंत मोजून सोडायची, असे वीस वेळा. मग तळहात फिरवून गुडघ्याला सूज आली आहे का ते पाहायचे. त्यानंतर तांब्यातल्या पाण्याने हातपाय धुऊन तो मुळशी धरणाच्या दिशेला तोंड करून नमाज पढे. शस्त्रक्रियेपासून तो खुर्चीवर बसून पढत असे, आणि त्यासाठी घरमालकीण सगुणाबाई मारणे यांनी घरातली एकुलती एक बिनहाताची खुर्ची वरच्या खोलीत नेऊन ठेवली होती. सहाला तो खाली येई. बाहेरच्या सिमेंटच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या, कठडा बसवायचा राहिला होता. डावा हात भिंतीला टेकून तो उतरे. प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी.

खाली चुलीवर चहा उकळत असे. भाताच्या रिकाम्या खाचरांवर जानेवारीचे धुके बसलेले असे आणि पेंढ्याच्या गंजी त्यातून अर्ध्याच वर दिसत.

"या पावणं," सगुणाबाई म्हणत. "चा घ्या."

"लई गोड," तो कप हातात घेतानाच म्हणे. आठ महिन्यांत जमवलेल्या मराठीतले हे त्याचे सगळ्यांत पक्के वाक्य होते.

"अजून तोंडाला लावला न्हाई, तर गोड कसा कळला?"

"रोज गोड."

त्या हसत, आणि भाकरीचे पीठ मळायला घेत. त्या गुरुवारीही असेच झाले. फरक एवढाच होता की अल्सेनीने कप अर्धाच ठेवला आणि खिशातला फोन दोनदा काढून पाहिला.

तो गिनीमधल्या लाबे या डोंगराळ भागातला, गुरे राखणाऱ्या घरातला. एकोणिसाव्या वर्षी तो बेल्जियमला गेला आणि चौदा वर्षे युरोपात फुटबॉल खेळला. आधी बेल्जियम, मध्ये चार वर्षे स्लोव्हाकिया, मग पुन्हा बेल्जियम. बहुतेक वेळ दुसऱ्या श्रेणीत, बचावफळीच्या मध्यभागी. त्याच्या नावाचे शर्ट कधी दुकानात टांगले गेले नाहीत. चार हजार माणसे मावणारी मैदाने, हिवाळ्यात दगडासारखी होणारी माती, गोलच्या तोंडाशी पाय घालून चेंडू बाहेर काढणे, हे त्याचे काम होते आणि ते तो नीट करी. गेल्या मार्चमध्ये एका सामन्यात वळताना त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. जूनमध्ये करार संपणार होता. क्लबने तो वाढवला नाही. पुण्यात खांद्यावर उपचार घेऊन गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याला इकडचा रस्ता दाखवला. एप्रिलमध्ये पुण्यात शस्त्रक्रिया झाली, आणि मेपासून तो माले गावाबाहेरच्या एका पुनर्वसन केंद्रात रोज जात होता.

आता त्याच क्लबचे दोन बचावपटू एका महिन्यात जायबंदी झाले होते. जानेवारी संपण्याआधी करार करायचा तर केंद्राचा अहवाल आणि धावतानाचा व्हिडिओ शनिवारपर्यंत हवा, असे क्लबच्या संचालकाने कळवले होते. करार दीड वर्षाचा होता. तेहतिसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला दुसरा कोणी विचारील अशी आशा अल्सेनीला नव्हती.

केंद्रात त्याची जबाबदारी फिजिओथेरपिस्ट शुभांगी शेडगे हिच्याकडे होती. ती पौडहून स्कूटरवर येई, रुग्णांशी कमी बोले आणि आकडे दोनदा तपासून मगच लिही. त्या दिवशी तिने सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. यंत्रावर उजव्या मांडीची ताकद डावीच्या चौऱ्याण्णव टक्के आली. एका पायावरच्या उड्या, वळणे, दहा मीटरची धाव, सगळे ठरलेल्या मर्यादेच्या वर होते.

"दुखतंय?" तिने इंग्रजीत विचारले. त्यांचे बोलणे इंग्रजीतच चाले.

"नाही," अल्सेनी म्हणाला.

तिने तसे लिहिले. तिला आनंद झाला होता. मे महिन्यात हा माणूस कुबड्यांवर आला तेव्हा तो पाय गादीवरून उचलायलाही घाबरत होता.

"व्हिडिओ वर पठारावर घेऊ," ती म्हणाली. "हिरवळीचा तुकडा आहे. इथल्या हॉलमध्ये तुम्ही कोंडल्यासारखे दिसता."

संध्याकाळी चार वाजता ते गावामागच्या डोंगरावर चढले. पठारावर अल्सेनी धावला. शुभांगीने फोन धरला होता. पडद्यावरचा उंच, शांत माणूस दिशा बदलताना क्षणभरही अडखळत नव्हता. तिने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि अंगठा वर केला.

उतरताना वाट दगडाधोंड्यांची होती, मध्येमध्ये गुडघाभर उंचीचे टप्पे. पायथ्याशी धुळा मरगळे आपली शेळ्यामेंढ्यांची खांड खाली उतरायची वाट पाहत काठीवर हनुवटी टेकून उभा होता. डोंगरावर जनावर गेले की धुळा माथ्यावर कधी उभा राहत नसे. तो पायथ्याशी येऊन प्रत्येक जनावर उतरताना बघे. त्याच्या बापानेही तसेच केले होते. बाजारात मेंढी घ्यायची असली तरी तो आधी जवळचा उतार शोधी, मगच जनावर चालवून बघे.

शेळ्यांच्या मागोमाग हे दोघे उतरले. धुळाने त्यांनाही शेळ्यांसारखेच, पायांकडे बघत, न्याहाळले.

"डाक्टरीणबाई," तो म्हणाला, "ह्या पावण्याचा पाय अजून बरा न्हाई व्हय?"

"बराय की, धुळामामा. आत्ताच वर धावले ते. हे बघा." तिने फोन पुढे केला.

धुळाने फोनकडे पाहिले नाही. "सपाटीला समदीच पळत्यात. चढालाबी खोटं चालता येतं. उताराला न्हाई येत. माझी ती चांदी बघा, म्होरला पाय दुखतुया तिचा. कळपात हाय तवर कळत न्हाई. उताराला लागली की मान टाकती." त्याने काठी अल्सेनीकडे केली. "ह्यो पावणा आख्ख्या वाटेत एकदाबी उजव्या पायावर खाली आला न्हाई. दर टप्प्याला डावा वाकवतुया आन उजवा नुस्ता टेकतुया."

"काय म्हणतात ते?" अल्सेनीने विचारले.

 शुभांगीने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितले.

अल्सेनी हसला. ते हसणे लवकर संपले. धुळा आपल्या शेळ्यांना हाकारत निघून गेला.

"त्या शेवटच्या टप्प्यावर पुन्हा चढा," शुभांगी म्हणाली. "आता डावा पाय आधी खाली ठेवा. हळू."

तो चढला. डावा पाय हवेत पुढे आला, उजवा गुडघा वाकू लागला आणि अर्ध्यावर आत वळून थरथरला. अल्सेनीने जवळचे करवंदीचे झुडूप धरले. शुभांगीने त्याचा चेहरा पाहिला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे," तो म्हणाला. "गुडघ्याच्या वाटीच्या मागे. फक्त उतरताना. तुमच्या हॉलमध्ये उतार नाही."

तिला राग आला, आणि तो अर्धा स्वतःवर होता. चाचण्यांचा तक्ता तिने वर्षभरापूर्वी स्वतः बनवला होता. त्यात पायरी उतरण्याचा रकाना होता. एका वेळी दहा-दहा रुग्ण येऊ लागले तेव्हा वेळ वाचवायला तिने तो काढून टाकला होता.

"हे बरं होईल," ती म्हणाली. "मांडीला उतरण्याची ताकद परत आणावी लागेल. तीन महिने. पण आता सामने खेळलात तर वाटीमागची कूर्चा झिजेल, आणि मग कदाचित कधीच नाही."

"तीन महिन्यांनी मला कोण बोलावणार?"

 "अहवालात मी हे लिहीन," ती म्हणाली. "पण तुम्ही नको म्हणालात तर मी अहवालच पाठवणार नाही. तुमच्या संमतीशिवाय तो कुठेही जात नाही. मग क्लबला फक्त व्हिडिओ पाठवा, ते काय ठरवतील ते ठरवतील. उद्या सकाळपर्यंत सांगा."

घरी आले तेव्हा सगुणाबाई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. शुभांगीने स्कूटर लावली आणि पाणी पिताना न राहवून धुळाने काय पाहिले ते त्यांना सांगितले.

"मग त्यात नवं काय?" सगुणाबाई म्हणाल्या. "मला कवाचंच म्हाईत हाय. दिवाळीनंतर जिन्यावर एका पायरीला एकच पाऊल वाजायचं. आता नाताळापासनं परत दोन-दोन वाजत्यात."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मी काय बोलू? तुमच्याकडं येवढी मोठी यंत्रं. म्हटलं, जिन्याला कळतंय ते यंत्राला कळत न्हाई व्हय?" त्यांनी सोललेले दाणे ताटात टाकले. "आन पावण्याच्या दुखण्यावर बोट ठेवू न्हाई."

शुभांगीने हे अल्सेनीला सांगितले. या वेळी तो खरेच हसला आणि अंगणातल्या दगडावर बसला. बराच वेळ तो शेंगा सोलायला मदत करत राहिला. मग, कोणी विचारले नसताना, शुभांगीकडे पाहून म्हणाला, "माझे वडील गुरे विकत. बाजारात लंगडी गाय ओढ्याच्या चिखलात उभी करायची, म्हणजे खूर दिसत नाही, ही युक्ती आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांनी ती एकदाच केली. गाय विकली गेली. त्या दिवशी ते जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून घेणाऱ्याच्या गावाला चालत गेले, पैसे दिले आणि गाय परत घेऊन आले. अर्धा दिवस जायला, आणि लंगड्या गाईबरोबर एक आख्खा दिवस यायला."

"घेणाऱ्याला कळलं होतं?"

"नाही. म्हणून तर गेले. कळल्यावर परत आणण्यात काय आहे, म्हणायचे."

"काय म्हनतुया?" सगुणाबाईंनी विचारले. शुभांगीने गोष्ट मराठीत सांगितली. सगुणाबाईंनी ऐकून घेतले आणि त्या एवढेच म्हणाल्या, "गाईचं पुढं काय झालं?"

अल्सेनीला प्रश्न कळला तेव्हा तो आठवू लागला. "घरीच राहिली," तो म्हणाला. "तिची दोन वासरं मी राखली आहेत."

शुक्रवारी सकाळी साडेपाचला त्याने पाय सरळ केला, गुडघा दाबला, पाचपर्यंत मोजून सोडला, वीस वेळा. नमाज झाल्यावर तो खाली आला. प्रत्येक पायरीला दोन पावले वाजली. त्याने ती लपवायचा प्रयत्न केला नाही. चहा पूर्ण प्यायला.

साडेसातला शुभांगी आली तेव्हा तो डोंगराच्या वाटेवर उभा होता. "काल वर घेतला तसा एक व्हिडिओ इथे घ्या," तो म्हणाला. "पाय दिसू द्या. चेहराही."

तो वीस पावले वर चढला आणि डावा पाय पुढे टाकत उतरू लागला. तिसऱ्या टप्प्यावर गुडघा आत वळला. तो थांबला, श्वास घेतला आणि पुढचा टप्पाही तसाच उतरला. पायथ्याशी धुळा आला होता.  काठीवर हनुवटी टेकून त्याने शेवटपर्यंत पाहिले आणि मग चांदीचा पुढचा पाय हातात धरून खूर तपासू लागला.

अंगणात बसून अल्सेनीने क्लबच्या संचालकाला फ्रेंचमध्ये लिहिले. दोन्ही व्हिडिओ जोडले. पहिल्याखाली लिहिले: सपाट जमीन. दुसऱ्याखाली: उतार. मग एकच परिच्छेद: उतरताना वाटीमागे दुखते, बरे व्हायला तीन महिने लागतील, मे महिन्यात मी तयार असेन, तोवर तुम्ही दुसरा खेळाडू घेतलात तर मला वाईट वाटणार नाही. शेवटचे वाक्य त्याने वाचले आणि खोडले, कारण ते खरे नव्हते. त्याऐवजी लिहिले: तुम्ही दुसरा खेळाडू घेतलात तर मी समजू शकेन. शुभांगीने अहवालात उतरण्याचा रकाना हाताने आखला होता. तोही जोडला आणि पाठवून दिले.

फोन त्याने चुलीजवळच्या कोनाड्यात पालथा ठेवला.

"झालं?" सगुणाबाईंनी विचारले.

"झालं."

"मग भाकरी खा, गरम हाय तवर."

भाकरी खाऊन झाल्यावर शुभांगीने त्याला जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभे केले. ती अवघी सहा बोटे उंच होती. "डावा पाय हवेत," ती म्हणाली. "उजव्यावर खाली या. पाच आकड्यांत."

अल्सेनीने भिंतीवरचा हात काढला. शुभांगी मोजू लागली. चुलीपुढून सगुणाबाईंनी मान वळवली आणि एकच पाऊल वाजते का ते ऐकत राहिल्या.