टँकरनं धुतलेली भिंत

आमच्या सावरटाकळीत त्या साली इतकं ऊन पडलं, की कावळ्यांनी ओरडणं सोडून दिलं. चोच उघडली की जीभ वाळायची. ओढ्यातले खेकडे काठी टेकत चालायचे. म्हशीचं दूध सोसायटीत पोचेपर्यंत वाटेतच खवा व्हायचा. हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात आणि माना डोलावतात. शहाऐंशीच्या पाठीवर आलेला तो उन्हाळा ज्यानं काढला, त्याला यातलं काहीच अवघड वाटत नाही. पण पुढचं ऐकलं की हेच लोक म्हणतात, "आबा, ही तुमची थाप." म्हणून आधीच सांगून ठेवतो. खेकड्याच्या हातातली काठी माझी आहे. भिंत माझी नाही.

तर चैत्रातली सकाळ. शाळेच्या पडवीत चौथीच्या पोरी बसलेल्या आणि त्यांच्यापुढं केशर उभी. केशर म्हणजे आश्रुबाची सून. तिचा नवरा शहादेव उसाच्या ट्रॅक्टरवर होता. कारखान्याच्या वाटेवर ट्रॉली उलटली आणि तो उसाखाली गेला. लग्नातला हिरवा चुडा अजून नवा होता, तोच फुटला. पुढं आश्रुबानं भावकीचे शिव्याशाप खाऊन सुनेला बीडला अध्यापक विद्यालयात घातलं. आता ती शिकाऊ मास्तरीण होती. गावच्याच शाळेत सरावाचे पाठ घ्यायचे आणि शेवटचा पाठ विद्यालयाच्या साहेबांसमोर द्यायचा. तो पाठ झाला तर नोकरी. नाही झाला तर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि उरलेला जन्म माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काढायचा. तिसरी वाट नव्हती.

तिच्या वाट्याला चित्रकला आली होती. गाणी-गोष्टींचे पाठ सवाष्णींना दिले, आणि विधवेला निमूट विषय म्हणून चित्रकला. देणाऱ्याला वाटलं, आपण मोठं शहाणपण केलं. त्यानं वाघिणीच्या हातात दूधभाताची वाटी म्हणून आख्खा बैल दिला होता, हे त्याला कुठलं कळायला!

रंगपेट्या नव्हत्या. केशरनं पोरींना माळावर नेलं. माणसाला प्यायला पाणी नव्हतं, पण पळस बेशरमासारखा फुलला होता. त्याची फुलं भिजवून केशरी रंग झाला. लिंबाचा पाला वाटून हिरवा, तव्याची काजळी, चुना, हळद आणि चिकटायला बाभळीचा डिंक. मग तिनं तळहातावर चिमूटभर हळद घेतली, तिच्यावर चुन्याचं बोट टेकवलं आणि दोन थेंब पाणी घालून चोळलं. हात लालभडक झाला.

"आगं बया! कुकू झालं!" म्हाळूची द्वारकी ओरडली.

"असंच करत्यात कुकू," केशर म्हणाली आणि हात घाईनं धुळीत पुसला.

द्वारकी पोर फाटक्या तोंडाची. म्हणाली, "बाई, समदे रंग तुमास्नी येतेत. मंग तुमी कावून पांढरं नेसता?"

दारात उभे असलेले हेडमास्तर बद्रीनाथ गुरुजी उगाच खोकले.

"पुस्तकं काढा," केशर म्हणाली. चित्रकलेला पुस्तकच नव्हतं.

दुपारी शाळा सुटल्यावर ती एकटीच कागद घेऊन बसली. विद्यालयात फुलदाणी, आंबा आणि झेंडा काढायला शिकवत. समोर ठेवलंय तसं काढा म्हणत. आत ठेवलंय ते काढा, असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं उलटलेली ट्रॉली काढली. उसाच्या पाल्याचा हिरवा, चाकांचा काळा. रस्त्यावर विखुरलेला ऊस. आणि उसाच्या खाली जिथं तांबडं हवं होतं तिथं तिचा हात थांबला. कागद तेवढाच कोरा राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की सकाळी घाईनं पुसला तेवढा सोडला, तर शहादेव गेल्यापासून तिच्या हातानं तांबड्याला एकदाही शिवलं नव्हतं. कपाळावरनं पुसलं ते बोटांतूनही गेलं होतं. कुणी वेगळी मनाई केली नव्हती. हात आपणहून शहाणा झाला होता. या शहाणपणाला आग लागो!

त्याच आठवड्यात चेरमन सर्जेरावांच्या घरी लेकीचं लग्न निघालं. सर्जेराव दूध सोसायटीचे चेरमन आणि शाळा समितीचे अध्यक्ष. गावात दूध उरलं नव्हतं म्हणून सोसायटीचा टँकर पाण्याला लावला होता, आणि त्याची चावी सर्जेरावांच्या कमरेला होती. पाऊस देवाच्या हातात असतो म्हणतात. आमच्याकडं तो चेरमनच्या करदोट्याला होता.

लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची आमच्याकडं चाल आहे. गणपती, तुळस, मोर, नवरा-नवरी. ती सवाष्णीच्याच हातानं रंगली पाहिजे. विधवेचं बोट लागलं तर म्हणे नवरीचं कुंकू धोक्यात येतं. नवरी होती शिवकन्या, केशरची मैत्रीण. ती हटून बसली.

"वैनी, माझी भित तुमीच काढायची."

"यडी का खुळी तू? त्याला सवाष्ण लागती."

"सवाष्णीनी काढलेला मोर कोंबड्यावानी दिसतोय! कोंबड्याच्या शकुनानं धाडता का मला नांदायला?"

चेरमनची बायको सिंधुबाई हसू दाबत म्हणाली, "काढ बाई. पर दुपारच्याला, समदे झोपल्यावर. कुनी इचारलं तर साळंतल्या पोरींनी काढलं म्हनू. आन त्या रुखवताच्या पाटाला तेवढं शिवू नगस."

बघा, हात हवा होता. हाताची मालकीण नको होती.

केशरनं भिंत काढली. शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर चुन्याचे पांढरे घडे, हळदीचे पोपट, पळसाच्या रंगातला मांडव. चुना आणि हळद एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये चार बोटं जागा सोडलेली. खालच्या किनारीला तिनं वेलबुट्टी काढली नाही. रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाया काढल्या. आणि मध्ये मोर, मान वळवून मागं बघणारा. आख्ख्या भिंतीवर तांबडा ठिपका नव्हता.

गाव लोटलं. पाहुण्यांपुढं सर्जेरावांची छाती फुगली. "आमच्या साळंतल्या पोरी हायेत! अध्यक्ष कोन हाय मंग?"

सगळे वाहवा म्हणत असताना बायडाबाई काठी टेकत पुढं झाली. बायडाबाई आठव्या वर्षी विधवा झालेली. नवऱ्याचं तोंड तिला आठवत नव्हतं, पण विधवेचे नियम गावात सगळ्यांत जास्त तिलाच पाठ. जन्मभर जे बेडीत राहतं त्याला बेडीचं पॉलिश करायची सवय लागते.

"ह्यो मोर मागं बघतोय," ती म्हणाली. "आश्रुबाच्या सुनंचा हात हाय ह्यो. तिच्या लग्नात तिच्या भितीला असाच व्हता."

वाहवा जिथल्या तिथं गोठली. ज्यांनी आत्ता 'जिता मोर हाय' म्हटलं होतं ते पदर तोंडाला लावून मागं सरले. सर्जेरावांनी बायकोकडं नुसतं बघितलं, आणि सिंधुबाईनं मान खाली घातली.

"धुवा ती भित!"

"मालक, पानी कुठंय?" गडी म्हणाला.

तेवढ्यात टँकर वेशीतून आत आला. वडाखाली बाया पहाटेपासून घागरी मांडून बसल्या होत्या. सर्जेरावांनी हात वर केला आणि टँकर त्यांच्या दारात आणायला लावला. चालवणारा उत्तरेश्वर खाली उतरला.

"चेरमनसायब, पानी बायांचं हाय. चार दिसानं आलंय."

"टँकर कुनाचा हाय बे?"

"सोसायटीचा."

"आन सोसायटी कुनाची?"

सोसायटी सभासदांची, दूध घालणाऱ्या प्रत्येक बाईची, असं उत्तरेश्वरनं म्हणायला हवं होतं. तिथं उभ्या असलेल्या पाटील-पुढाऱ्यांपैकी कुणीही म्हणायला हवं होतं. उत्तरेश्वरनं नळी जोडली.

वाचकहो, ज्या गावात लेकराला आंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं तोंड पुसणं होतं, ज्या गावात जनावरं कोरडा हौद चाटत होती, त्या गावात पाण्याचा आख्खा टँकर एका भिंतीवर सोडला! मोर गेला. पोपट गेले. रांगेतल्या चितारलेल्या बाया वाहून गेल्या, आणि खऱ्या बाया वडाखालून उठून धावत आल्या. पाणी वाया जाताना बघणं त्यांना शिकवलेलंच नव्हतं. त्या भिंतीच्या पायथ्याशी बसल्या आणि ओंजळीनं, परातीनं, घागरीनं ते रंगीत पाणी धरू लागल्या.

आणि मग एकीनं आपले हात वर केले. ते लाल झाले होते. वरून हळद ओघळली होती, चुना ओघळला होता, दोन्ही एक झाले होते. केशरनं चार बोटं लांब ठेवलेलं चेरमननं एकत्र कालवलं होतं. दारासमोर कुंकवाचा ओघळ वाहत होता.

केशरही तिथं होती. तिची घागर त्या लाल पाण्यानं भरली होती. सर्जेराव तिच्यापुढं आले.

"उद्या तुझा पाठ हाय न्हवं? सकाळी साळंच्या दारात, समद्यांपुढं, नाक घासायचं. पुन्यांदा रंगाला हात लावनार न्हाई म्हनायचं. तरच साळंचं कुलूप निघंल. न्हाईतर साहेब आला तसा जाईल."

घरात हळदीला बसलेली शिवकन्या तिथूनच बापावर कडाडली, "दादा, आता त्या भितीवर दुसरं कुनी काही काढलं, तर मी बोहल्यावर चढनार न्हाई! कोरीच राहू द्या. तुमच्या इज्जतीवानी."

एवढंच तिच्या हातात होतं, तेवढं तिनं केलं. लग्न झालं ते त्याच सांजेला, कोऱ्या, ओल्या भिंतीसमोर.

दिवेलागणीला केशर अंगणात त्या घागरीपुढं बसली होती. पाणी पिण्याजोगं नव्हतं. आश्रुबा ओट्यावर बसून जमिनीकडं बघत होता. "नाक घासलं तर काय झिजतंय का पोरी," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. "एकदा मास्तरीण झालीस म्हंजी सुटशील ह्या गावातनं."

केशर उठली. आत जाऊन तिनं दोरीवरचं दुसरं पांढरं लुगडं आणलं, पाणी परातीत ओतलं आणि लुगडं त्यात घातलं. दारातून सासू मुक्ताबाई बघत होती. आश्रुबानं डोळे मिटले. मुक्ताबाईचा लेक गेला होता. आता ती आकांत करणार, हे त्याला दिसतच होतं.

मुक्ताबाई पायऱ्या उतरून आली. परातीत बघितलं. पदर खोचून खाली बसली.

"आसं टोकाटोकानं बुडवतेत व्हय? डाग पडत्याल. समदं खाली दाब. सरक, मला खळबळू दी."

दोघींचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

सकाळी शाळेला कुलूप होतं. चावी मुठीत धरून बद्रीनाथ गुरुजी घाम पुसत उभे. सर्जेराव खुर्ची टाकून बसलेले. बीडचे साहेब एसटीतून उतरून गोंधळून बघत होते. आणि रस्त्यानं केशर आली, लाल लुगडं नेसून. रंग सारखा बसला नव्हता; कुठं गडद, कुठं विटकरी. मागनं मुक्ताबाई. तिच्यामागं रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया, कारण टँकर आता थेट पुढच्या आठवड्यात येणार होता.

"ह्यो काय तमाशा?" सर्जेराव उठले. "रांडमुंड बाईनं तांबडं..."

"भितीचा रंग तुमीच घरपोच दिला, चेरमन," केशर म्हणाली. "मी वाया कशी घालवू? पानी लई महाग हाय."

बायांत हशा पिकला. सर्जेरावांना त्या गावात शिव्या मिळाल्या असतील, शाप मिळाले असतील. पण बाया त्यांच्या तोंडावर आजवर कधी हसल्या नव्हत्या.

"गुरुजी, चावी असू द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. पोरी धावत जाऊन तिच्यापुढं बसल्या. साहेबांनी क्षणभर चेरमनकडं बघितलं, क्षणभर पोरींकडं. मग दगडावर बसले. "बाई, आजच्या पाठाचा विषय?"

"तांबडा रंग, सर."

तिनं द्वारकीच्या तळहातावर हळद ठेवली, चुना ठेवला. पाणी मागितलं. घागरी रिकाम्या होत्या. बायांच्या मागं उभी असलेली बायडाबाई पुढं आली, पदराआडचा प्यायचा तांब्या काढला आणि काही न बोलता पोरीच्या हातावर दोन थेंब सोडले. तळहात लाल झाला. म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली.

द्वारकीनं लाल बोट उचललं. "बाई, तुमच्या कपाळाला लावू?"

"नगं," केशर म्हणाली. "कपाळ माझं हाय, त्याचं मी बघीन. तू तुझ्या चित्राला लाव. पायजे तिथं लाव. कुनाला इचारू नगस."

आणि पिशवीतून तिनं तो ट्रॉलीचा कागद काढला. उसाखालची कोरी जागा द्वारकीच्या हातावरच्या तांबड्यानं, आपल्या बोटानं भरली. शहादेव गेल्यापासून गावासमोर ती पहिल्यांदा रडली, आणि रडताना पाठ थांबला नाही.

ती मास्तरीण झाली. साहेबांनी काय शेरा लिहिला ते मला ठाऊक नाही. सर्जेराव पुढंही चेरमन राहिले. असली झाडं दुष्काळात वाळत नाहीत.

ही गोष्ट मी तालुक्याला सांगितली की शिकलेली माणसं म्हणतात, "इतकं कुठं असतंय का आबा?" खेकड्याच्या काठीवर विश्वास ठेवणारी माणसं! त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी पुढचं लग्न निघेल. नवरीला हळद लागताना जरा मागं वळून बघा, त्या मोरासारखं. चुलीपाशी, दाराआड कोऱ्या कपाळाची एक बाई उभी असेल. तुमची आत्या असेल, वहिनी असेल, कदाचित जन्म देणारी आईच असेल. लाडू तिनंच वळलेले असतील. तिला तिथं कुणी उभं केलं, हे सर्जेरावाला विचारू नका. तो तुमच्या मांडवात आलेलाच नसतो.

हळदीची वाटी तर तुमच्याच हातात असते.