मागची सीट

हेमराजनं जुन्या गाडीला टणक शॉकअप आणि आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या, तेव्हा त्याची छाती चांगलीच फुगली होती. हिंगण्याच्या कारखान्यात कोणीतरी सांगितलं होतं, कडक तेच चांगलं. ऐकीव शहाणपणावर या गड्याचा भारी विश्वास. वळणावर गाडी तसूभर कलत नव्हती आणि स्वारी खूश होती.

खटाटोप सगळा आईसाठी. तुळजाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. त्यांची उमरेडची धाकटी बहीण कौशल्या रोज फोनवर विचारायची, "कधी येतं वं बाई?" दोघींनी एकाच घरात हातमाग चालवलेला, आणि आता धाकटीलाही उठवत नव्हतं.

पण पहिल्याच रविवारी उमरेडला निघाले, तर शहरातलं लकडगंज यायच्या आत तुळजाबाई कळवळल्या. "परत फिरव गा. कंबर तुटून राहिली माही. आता मी गाडीत पाय ठेवत नाही."

हेमराज तणतणत, स्प्रिंगा बसवून देणाऱ्या रोशनच्या गॅरेजात गेला. रोशननं शांतपणे चावी मागितली. त्याची रीतच होती, तक्रार आली की मालकानं मागं बसायचं आणि गाडी त्यानं चालवायची.

"माय बसते तिथंच बसा, भाऊ."

गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत हेमराज त्या सीटवर एकदाही बसला नव्हता. दुसऱ्या गतिरोधकाला त्यानं वरची कडी घट्ट धरली, तिसऱ्याला दातावर दात आपटले. आपण स्टिअरिंग धरून मजा घेत होतो आणि आई मागं हाडं मोजत होती, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी म्हटलं तसं बसवून देलं," रोशन म्हणाला. "मागं कोण बसते, थे सांगतलंच नाही."

स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप नरम आले, चाकांच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुशही बदलले. हेमराज पुन्हा मागं बसला आणि त्यानं रोशनला त्याच रस्त्यानं दोन फेऱ्या मारायला लावल्या.

तुळजाबाई मात्र हटून बसल्या होत्या. "मले घरीच राहू दे."

"माय, तुह्या जागेवर बसून पाह्यलं म्या. पहिल्यांदा बसलो तवा लय लागलं. आता नाही लागत."

तुळजाबाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग काठी मागितली.

उमरेड रस्त्यावर हेमराज जीव मुठीत धरून, खड्डा खड्डा चुकवत चालला होता. मागून आवाज आला, तसा त्यानं दचकून ब्रेकवर पाय ठेवला.

"येवढा हळू काहून चालवून राहिला गा? कौशी वाट पाहून राहिली असन!"