न आलेला ताप

खळ्‌ खळ्‌! फुसाएआजीच्या सामसूम स्वयंपाकघरात बर्फाचे खडे माझ्या पोटात पडले आणि मी दचकून जागी झाले.

मित्रांनो, मी रबराची एक जुनी उशी. तोंडाला पत्र्याची पकड, पोटात बर्फ न्‌ पाणी. तापाने फणफणलेलं डोकं माझ्यावर टेकायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातून या घरी आले तेव्हा आजीची लेक तोमोए चार वर्षांची होती. तिच्या गोवरात सात दिवस मी तिच्या मानेखाली होते. "उशीबाईंनी माझी पोर वाचवली," असं आजी कौतुकाने सांगायची. मग कपाळाला चिकटवायच्या गार पट्ट्या निघाल्या, आणि मी कपाटात गेले ती गेलेच.

आज आजारी कोण, तेच मला कळेना. आजी तर टुणटुणीत! काल तिने करोनाची दुसरी लस घेतली होती. ताप येणार म्हणून आधीच भाताची पेज शिजवून ठेवली, माझ्यावर डोकं टेकलं आणि ती तापाची वाट पाहू लागली. कान सुन्न झाले म्हणाली, पण उठली नाही. आजवर ताप आला की या घरात तोंडं उतरायची. आज तो येईना म्हणून आजीचं उतरलं!

संध्याकाळी तोमोए कुंपणापाशी आली. मागचंच घर तिचं.

"छत्तीस पूर्णांक दोन सेल्सिअस! ताप नाहीच!" आजी खिडकीतून ओरडली. "त्या शेजारच्या तोगाशीबाईंना अडतीस आला. मिरवतेय बया, शरीर तरुण आहे म्हणे!"

"अगं आई, ताप नाही आला तरी लस लागू होते. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टर गोड बोलतात. लागली असती तर मला कळलं नसतं? आधीच माझी छाती नाजूक. कोमाकीला सांग, इतक्यात नको."

पाच वर्षांची नात कोमाकी वर्षभर कुंपणापलीकडूनच आजीला हात हलवत होती. लस लागली की दोघींनी एका टबात बसून अंघोळ करायची, असं ठरलं होतं.

पुढच्या महिन्यात तोमोएने लस घेतली. तिला एकोणचाळीस ताप! आजीने मला कुंपणावरून पलीकडे दिलं. इथे मला काम होतं, पण माझा गोंधळ काही मिटेना. लस तीच. एकीला काहीच नाही, दुसरीचा हात वर होईना. मग लागली कोणाला? मित्रांनो, मी रबराची, मला विचारू नका. डॉक्टरांना विचारा, आणि विचारलंत तर ऐकासुद्धा. माझं मागणं एवढंच, की काम झाल्यावर मला उलटी टांगून वाळवा. ओली ठेवली की माझ्या दोन्ही बाजू आतून चिकटतात, आणि सोडवताना फार दुखतं.

कोमाकी हळूच आली आणि माझ्या एका कडेला डोकं ठेवून आईला बिलगली.

"आई, खूप आहे ना गं ताप?"

"आहे गं राणी. उद्या जाईल."

"मग जायच्या आधी थोडासा आजीला देऊ या?"