शून्याचं टोक

आमचे बाबा मोजणीदार, आणि मीही मोजणीदारच. खाण तशी माती! लहानपणी सुट्टीत ते मला कामावर न्यायचे. पोलादी टेपचं शून्याचं टोक खुंटीवर दाबून बसायचं, एवढंच माझं काम. माशी हाकलायला जरा हात हलला की पलीकडून आरोळी यायची, "शून्य सुटलं की सगळं सुटलं, बाईसाहेब!" तेव्हा असा राग यायचा! आता त्याच आरोळीसाठी कान आसुसतात.

त्याला कारण मीच. पाच वर्षांपूर्वी उपग्रहावर चालणारं यंत्र घेतलं. काठीवर लावायचं, बटण दाबायचं, जागा कळते. दुसरं माणूस लागतच नाही. बाबांना म्हटलं, "आता आराम करा." ते मुकाट्याने घरी बसले. टेप मात्र दर रविवारी तेल लावून पुसतात.

परवा शाळेच्या भिंतीसाठी खुंट्या ठोकायच्या होत्या. दुपारी खोदकामाला माणसं येणार, आणि यंत्राला भ्रमच झाला! मी जागची हलले नव्हते, तरी ते मला कधी दोन मीटर डावीकडे दाखवी, कधी तीन उजवीकडे. दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मॅडम, यंत्र ठणठणीत आहे. सूर्यावर वादळ झालंय. त्याने वरच्या हवेत गोंधळ घातलाय, उपग्रहाचे संदेश रखडत पोचतायत. उद्या बघा."

उद्या कसलं बघा! मी बाबांना विचारलं, "टेप घेऊन येता?"

फोन ठेवते न ठेवते तोच हजर, तेही इस्त्रीच्या शर्टात. त्यांनीच कधीकाळी पुरलेले हद्दीचे दगड त्यांनी बरोबर शोधून काढले. मग गुडघे धरत खाली बसले आणि शून्याचं टोक स्वतः दाबून धरलं.

"अगं, ताण नीट! जेवली नाहीस का?"

माणसं आली तेव्हा शेवटची खुंटी ठोकून झाली होती. टेप गुंडाळताना बाबांनी हळूच विचारलं, "हे वादळ परत कधी येतं गं?"



आज सकाळी नव्या कामावर यंत्र लावलं. आकडा बोटभरही हलला नाही. मी ते पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि घरी फोन केला.

"बाबा, आजही सूर्यावर वादळ आहे."

पहाटेपासून मळभ होतं. सूर्याचा पत्ताच नव्हता.

"हो गं," बाबा म्हणाले, "इथूनही दिसतंय. निघालोच."