चार नंबरची हळवी खिडकी

नळजोडणीच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाचं काम सोपं होतं. अर्जाचा क्रमांक संगणकात टाकायचा, स्क्रीनवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची आणि 'नामंजूर' असं सांगायचं. आठ वर्षं हे सांगता सांगता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

पहिले फसले ते एक आजोबा. "अहो, तुम्ही कशाला रडताय? नळ माझा गेलाय."

"रडत नाही हो. स्क्रीनमुळे होतं."

"असू द्या, असू द्या. मनाला लावून घेऊ नका."

चार नंबरवाला फार हळवा, हे आठवड्याभरात गावभर झालं. बाकीच्या खिडक्या ओस पडल्या आणि याच्यापुढची रांग जिन्यापर्यंत गेली. नकार सगळीकडेच मिळायचा. इथे तो भिजवून मिळायचा. रांग वाढली तशी स्क्रीन वाढली, स्क्रीन वाढली तसं पाणी.

"डोळे कोरडे ठणठणीत पडलेत तुमचे, म्हणून गळतात," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे काही त्याला उमगलं नाही. पुढचं मात्र नीट कळलं. "स्क्रीन कमी करा, नाहीतर कठीण आहे." आणि त्यांनी थेंबांची बाटली दिली.

थेंबांनी गळती थांबली. तिसऱ्याच दिवशी साहेबांचं बोलावणं आलं.

"सात तक्रारी आहेत. चार नंबरवाला माजलाय म्हणे. कचेरीच्या वेळात थेंब बंद."

"साहेब, डोळे जातील माझे. दप्तरखान्यात टाका मला. तिथे नुसते कागद आहेत."

"रीतसर अर्ज करा. आणि हो, सोमवारपासून कचेरीतल्या झाडून सगळ्या नामंजुऱ्या तुम्हीच सांगायच्या. लोक तुमचं ऐकून घेतात."

त्याने अर्ज केला. संगणकावरच केला, कारण कागदी अर्ज बंद झाले होते.

सोमवारी दुपारी स्क्रीनवर एक क्रमांक आपणहून उगवला. कारकून नाक टेकेपर्यंत वाकला. अर्जदार, खिडकी नंबर चार. विषय, दप्तरखान्यात बदली. नामंजूर. खाली चौकट होती, 'अर्जदारास कळवले'. तिच्यावर टिचकी मारल्याखेरीज पुढचा क्रमांक येईना.

त्याने टिचकी मारली.

काचेपलीकडे तेच आजोबा उभे होते, दुसऱ्यांदा अर्ज करून आलेले. त्यांनी फटीतून रुमाल आत सरकवला. "पुसा. माझं पुन्हा नामंजूर ना? कळलं मला. तुमच्या तरी हातात काय आहे?"

कारकुनाने रुमाल घेतला. स्क्रीनमुळे होतं, हे सांगायचं त्या दिवशी राहून गेलं. डोळे पुसून त्याने आजोबांना त्यांचा क्रमांक विचारला.