ब्रिजपाशी दुसरा पिकअप

प्रल्हाद चुरी लग्नांत बेस गिटार वाजवतो हे आगाशीत सगळ्यांना माहीत होतं. त्याने वाजवलेलं मात्र कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यात लोकांचा काही दोष नाही. सॅन्टनचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला की त्याचा कीबोर्ड ऐकू यायचा, ढोलकी ऐकू यायची, आणि प्रल्हादने तार छेडली की जेवणाच्या टेबलावरची स्टीलची झाकणं थरथरायची. केटरिंगची माणसं त्याला ओळखून होती. बाकीच्यांच्या लेखी तो दिवसा पतपेढीत बसणारा आणि संध्याकाळी स्टेजवर उभा राहणारा एक गृहस्थ होता.

गिटार त्याची नव्हतीच. ती त्याच्या चुलतभावाची, विघ्नेशची. सॅन्टनकडे आधी विघ्नेश वाजवायचा, त्यानेच प्रल्हादला हाताला धरून शिकवलं, आणि ऐन तरुणपणी काविळीने गेला. मागे बायको मीरा आणि नुकती पावलं टाकायला लागलेली ऋतिका. गेल्यावर विघ्नेश फार मोठा झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथे ते दूध दर लग्नसराईला वाढतच होतं. ‘विघ्नेशसारखा बेस अख्ख्या वसईत झाला नाही, त्याचा कधी एक सूर चुकला नाही,’ असं सॅन्टन प्रत्येक कार्यक्रमात माइकवरून सांगायचा आणि मग म्हणायचा, आता आपला प्रल्हादही बरा वाजवतो. प्रल्हाद मान तुकवायचा. त्याला ते मान्यच होतं. विघ्नेशवर त्याचा जीव होता, आणि विघ्नेशने शिकवलेल्यातलं त्याने आजवर काडीचंही बदललं नव्हतं.

मग ऋतिकाचं लग्न ठरलं. मुलगा नालासोपाऱ्याचा, मयूर, मूळचा कोकणातला, स्वभावाने शांत. एका रविवारी ऋतिका प्रल्हादकडे आली, चहा प्यायली, इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, “काका, पप्पा कसे वाजवायचे ते मला कधी कळलंच नाही. तुम्ही त्यांच्यासारखंच वाजवता म्हणतात, पण ते नुसतं पोटात हलतं. माझ्या लग्नात मला ऐकू येईल असं वाजवाल?”

प्रल्हाद हो म्हणून बसला. पोरीने आजवर काही मागितलं नव्हतं, आणि मागून मागून हे मागितलं. फ्रिज मागितला असता तर दुकानातून आणून तरी देता आला असता.

पुढच्याच कार्यक्रमात त्याने गिटार जोडलेल्या अँपचा आवाज वाढवून पाहिला. तरी बेस ऐकू आला नाही, पण पुलावाचं झाकण खाली पडलं. केटरिंगवाल्याने हात जोडले. तेव्हा प्रल्हाद गिटार पाठीला अडकवून नालासोपाऱ्याला शेल्डनकडे गेला. शेल्डन गिटारी दुरुस्त करायचा. त्याने इंजिनिअरिंग केलं होतं, पण त्याचा त्याच्या कामावर काही वाईट परिणाम झालेला नव्हता.

शेल्डनने गिटार आडवी ठेवली. तिच्यावर एकच पिकअप होता, गिटारीच्या मानेपासून फारसा लांब नाही असा. पिकअप म्हणजे तारेखाली बसवलेला लोहचुंबक. तार जशी हलेल तसं तो पुढे कळवतो. शेल्डनचं म्हणणं असं की हा चुंबक फक्त आपल्या डोक्यावरचीच तार ऐकतो. तार मध्याकडे ऐसपैस झुलते, म्हणून मानेकडे बसवलेल्या पिकअपला आवाज जाड, गोल, गुबगुबीत मिळतो, आणि एका सुराची कड दुसऱ्यात मिसळून जाते. तीच तार बुडाशी, जिथे ती ब्रिजच्या पट्टीवर टेकते, तिथे ताठ असते आणि नुसती थरथरते. तिथे पिकअप बसवला तर आवाज बारीक आणि हाडकुळा येतो, पण एकेक सूर सुटा ऐकू येतो. प्रल्हादच्या वाडीत दोन माडांमध्ये कपड्यांची दोरी होती. मधली चादर हेलकावे खाते आणि टोकाचा रुमाल नुसता फडफडतो, हे त्याने रोजच पाहिलं होतं. त्याला पटलं. फक्त दुसरा पिकअप बसवायचा तर लाकूड कोरायला लागणार होतं.

गिटार मीराची, म्हणजे विचारणं आलं. मीरा ओटीवर विड्याची पानं लावत बसली होती. प्रल्हादने सगळं समजावून सांगितलं, कपड्यांच्या दोरीसकट. तिने ऐकून घेतलं आणि पानांवरची नजर न काढता म्हणाली, “भोक पाडा, भावोजी. पण त्याचा आवाज बदलू नका.”

प्रल्हाद बरं म्हणाला. आवाज बदलण्यासाठीच भोक पाडायचं होतं, हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही. शेल्डनने लाकडाला पटाशी लावली तेव्हा तो बाहेर जाऊन रिक्षा बघत उभा राहिला.

काम मात्र झकास झालं. गिटारीला आता दोन पिकअप आणि दोघांच्या आवाजाला दोन बटणं होती. मानेकडचं फिरवलं की जुना विघ्नेश, गोल आणि धूसर. दोन्ही सारखी ठेवली की दोघांचे काही आवाज एकमेकांना खाऊन टाकायचे आणि मधला भाग पोकळ व्हायचा. आणि ब्रिजकडचं एकटं पूर्ण फिरवलं की सूर समोर येऊन उभा राहायचा. प्रल्हादने घरी विघ्नेशची सगळी गाणी वाजवून पाहिली. त्याला काही खटकलं नाही. एकट्या बेसला कोण काय म्हणणार? ऑर्केस्ट्राबरोबर सराव झाला नाही, कारण सॅन्टनच्या मते सराव हा हौशी लोकांचा धंदा.

लग्न वाडीतच झालं, संध्याकाळी रिसेप्शन. स्टेजच्या कडेला विघ्नेशचा हार घातलेला फोटो. सॅन्टनने माइकवरून त्याचा कधी एक सूर न चुकल्याचं पुन्हा एकदा सांगितलं, बायकांनी डोळे टिपले, आणि नवरानवरीच्या प्रवेशाची धून सुरू झाली. ही धून सॅन्टनने स्वतः बांधलेली, विघ्नेशच्या काळापासून प्रत्येक लग्नात वाजत आलेली. प्रल्हादने मानेकडचं बटण बंद केलं आणि ब्रिजकडचं पूर्ण उघडलं.

बेस ऐकू आला. मागच्या रांगेत ऐकू आला, जेवणाच्या टेबलाशी ऐकू आला. केटरिंगवाल्याने सवयीने झाकणावर हात ठेवला होता, तो त्याने काढला. ऋतिका मयूरबरोबर चालत येत होती, तिने चमकून स्टेजकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. प्रल्हादला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

अंतरा आला. धून धैवतावर उतरली आणि बेस पंचमावर जाऊन बसला, ठणठणीत आणि स्वच्छ. सॅन्टनची मान वळली. पुन्हा अंतरा, पुन्हा पंचम. सॅन्टनच्या तोंडासमोरचा माइक चालूच होता. तो बंद करायची त्याला सवय नव्हती.

“प्रल्हाद, तिथे धैवत आहे,” सॅन्टन म्हणाला. “हा पंचम कुठून काढलास?”

अख्ख्या मांडवाने ते ऐकलं. पंचम कुठून काढला ते प्रल्हादला नीट माहीत होतं. विघ्नेशने त्याचं बोट धरून त्याच जागी ठेवलं होतं, आणि ते तिथेच राहिलं होतं. इतकी वर्षं गुबगुबीत आवाजाखाली झाकली मूठ सव्वा लाखाची होती. ती त्याने स्वतः जाऊन, लाकूड कोरून उघडली. त्याने फोटोकडे पाहिलं. मग समोर मीरा बसली होती तिकडे पाहिलं.

“माझी चूक,” तो म्हणाला. “विघ्नेशने धैवतच शिकवला होता.”

पाहुणे हसले. घरातले थोरले बळीरामआप्पा पहिल्या रांगेतून म्हणाले की ह्याला लहानपणापासूनच कान नाही. प्रल्हादचे ते नसलेले कान लाल झाले. त्याने मान खाली घातली आणि पुढच्या अंतऱ्याला धैवत वाजवला. बरोबर होता. सॅन्टनने समाधानाने मान हलवली.

मीरा उठली. पाहुण्यांमधून वाट काढत ती स्टेजपाशी आली, तेव्हा सॅन्टनने आपणहून धून थांबवली.

“भावोजी, आधीचं होतं तेच वाजवा.”

“वहिनी, ते चुकीचं होतं,” प्रल्हाद म्हणाला.

“मला नका सांगू. घरी तो वायर न लावता वाजवायचा, खाटेवर बसून. असाच बारीक आवाज यायचा, आणि तिथे आलं की असंच व्हायचं. मी त्यावर स्वयंपाक केलाय.”

माइक चालूच होता. बळीरामआप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. सॅन्टन फोटोकडे बघत राहिला.

ऋतिका मयूरचा हात सोडून पुढे आली. “आई, पप्पा चुकायचे?”

“रोज,” मीरा म्हणाली. “सांगितलं की म्हणायचा, बाहेर कोणाला ऐकू येतंय.”

ऋतिका हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिने ते पुसले नाहीत. प्रल्हादने सॅन्टनकडे पाहिलं. सॅन्टनने नाक पुसलं आणि धून पुन्हा पहिल्यापासून धरली. अंतऱ्याला त्याने स्वतःची बोटं बदलली आणि बेसशी जुळवून घेतलं.

ऋतिका स्टेजला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मयूर मांडवाच्या मधोमध एकटाच हार सावरत उभा होता, आणि त्याला कोणी काही सांगितलं नाही.